आईचा फोटो काढण्याबाबत

आपल्या भाषेत माणूस काय काय काढतो याला काही धरबंध नाही. दिवस काढतो, झोप काढतो, राग काढतो, शेजाऱ्याची खोडी काढतो, पोटच्या पोराची अक्कल काढतो, आणि एवढं सगळं काढून वेळ उरलाच तर फोटो काढतो. एकाच क्रियापदाच्या डोक्यावर इतकी कामं घातली की ते कधीतरी दगा देणारच. मला दिला. आणि दिला तो नेमका माझ्या वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं तेव्हा.

ही गोष्ट फोनला कॅमेरे फुटायच्या आधीची, रिळांच्या दिवसांतली. मी तेव्हा पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायचं काम करायचो. पूर्वी आम्ही आकडा वहीत लिहून आणायचो. मग लोक आकड्यावरून हातघाईवर यायला लागले, म्हणून खात्याने आम्हाला एकेक कॅमेरा दिला. साबणाच्या वडीएवढा, एक काच, एक बटण. त्याचा फ्लॅश माझ्याकडे येण्यापूर्वीच वारला होता. पाण्याचा मीटर बसवणाऱ्यांची एक शपथ असते, की जिथे माणूस पोचेल तिथे मीटर बसवायचा नाही. त्यामुळे जिन्याखालच्या भोकात, गटाराच्या जाळीत, दोन भिंतींच्या फटीत खांद्यापर्यंत हात घालायचा, दातात बॅटरी धरायची, अंदाजाने बटण दाबायचं आणि हात शाबूत असेल तर बाहेर घ्यायचा. वीस वर्षं मी हे केलं. पण त्या वडीला मी कधी कॅमेरा म्हटलं नाही.

कॅमेरा म्हणजे माझा स्वतःचा. खरं तर कॅमेरे दोन, भिंगं पाच, फ्लॅश दोन, फ्लॅशचा उजेड मऊ करायच्या पांढऱ्या छत्र्या दोन, तिवई एक, रंगीत काचांचा डबा, धूळ उडवायची फुंकणी, आणि हे सगळं पोटात घेणारी एक काळी पिशवी. बायको त्या पिशवीला जावईबापू म्हणायची. घरातली हात असलेली एकुलती एक खुर्ची त्याची, प्रवासात खिडकीची जागा त्याची, आणि ऐन कामाच्या वेळी उपयोग शून्य.

शेवटचं मला लागायचं, कारण ते खरं होतं. माझ्याकडे मुलीच्या पहिल्या पावलाचा फोटो नाही. ती पाऊल टाकत होती तेव्हा मी पन्नासचं भिंग काढून पस्तीसचं लावत होतो. ती सातव्या पावलाला तोंडावर आपटली, त्याचा मात्र आहे, आणि तांत्रिकदृष्ट्या तो निर्दोष आहे. मेहुणीच्या लग्नात मी तिवईचा तिसरा पाय शोधत असताना लग्न लागलं. कुठलीही गोष्ट समोर आली की मी आधी पिशवीत बघायचो, आणि पिशवीतून मान वर करेपर्यंत ती गोष्ट निघून गेलेली असायची.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे अजिबात पसंत नव्हतं. अण्णा तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करायचे. एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं एका खोलीचं दुकान होतं, तिथे एका स्टुलावर त्यांनी पंचेचाळीस वर्षं काढली. (बघा, इथेही काढलीच.) कुठलीही वस्तू तळहातावर ठेवली की अण्णा वजन सांगायचे, आणि मग काट्यावर घालून बघितली तर काट्यालाच लाज वाटायची. जावईबापूंना त्यांनी पहिल्याच दिवशी उचललं आणि म्हणाले, "अकरा किलो सहाशे. यात फोटो किती?" त्यानंतर वीस वर्षं त्यांनी माझ्या फोटोंविषयी चकार शब्द काढला नाही.

मग एकाच आठवड्यात अण्णा आणि ती इमारत, दोघंही धोकादायक ठरले. अण्णांची छाती भरली म्हणून त्यांना दवाखान्यात ठेवलं आणि तिसऱ्याच दिवशी इमारतीवर नोटीस लागली. पालिकेची माणसं आली, आतल्या मालाचा पंचनामा केला, शटर ओढलं, सील ठोकलं आणि एक पहारेकरी बसवला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते साधारण इमारतीच्या नोटिशीसारखंच होतं, फक्त त्यात तारीख नव्हती.

संध्याकाळी अण्णांनी तोंडावरची ऑक्सिजनची नळी बाजूला केली आणि मला जवळ बोलावलं.

"दुकानातला आईचा फोटो काढ," ते म्हणाले. "लवकर. मला बघायचाय."

आईला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. दुकानात स्टुलासमोरच्या भिंतीवर तिचा एक फोटो होता, हातभर उंचीचा, काचेला कोपऱ्यात तडा गेलेला. पोती तोलायच्या मोठ्या काट्यावर आई उभी आहे, अण्णा खाली वाकून वजन वाचताहेत, त्यांची नुसती पाठ दिसते, आणि आई हसते आहे, डोळे अर्धे मिटून. काटा न्यायला आलेल्या एका स्टुडिओवाल्याने रिळात एक फोटो उरला होता म्हणून तो काढला होता. रोज सकाळी अकराला झरोक्यातून ऊन यायचं ते थेट त्या फोटोवर. अण्णा तेवढ्यात चहा पिऊन घ्यायचे. दवाखान्यातही घड्याळात अकरा वाजले की म्हणायचे, "आता तिच्यावर ऊन आलं असेल."

तर अण्णांनी फोटो काढ म्हटलं आणि माझा ऊर भरून आला. वीस वर्षं ज्या माणसाने माझ्या कलेकडे ढुंकूनही पाहिलं नाही, त्याला शेवटी माझीच आठवण झाली!

"काढतो, अण्णा," मी म्हणालो. "असा काढतो की बघत राहाल."

"असा म्हणजे कसा? तीन मिनिटांचं काम आहे."

"तीन मिनिटांत तिवईसुद्धा उभी राहत नाही, अण्णा."

"तिवई कशाला? हात पुरतो."

"हात हलतो."

"स्टुलावर चढ म्हणजे पुरेल."

"स्टुलावरून कोन चुकतो," मी समजुतीने म्हणालो. "तुम्ही आता बोलू नका. माझ्यावर सोडा."

अण्णांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि नळी परत तोंडावर ओढून घेतली. त्या पाहण्याचा अर्थ मी कृतज्ञता असा लावला.

घरी येऊन मी जावईबापूंना जमिनीवर मोकळं केलं. दार उघडं राहिल्यामुळे वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आत आले. ते निवृत्त झाले होते, पण पस्तीस वर्षं लोकांच्या तोंडात उजेड पाडल्यामुळे उजेड या विषयावर शेवटचा शब्द आपला, असं ते मानायचे.

"काचेतल्या फोटोचा फोटो काढायचा?" ते म्हणाले. "भलतं अवघड. झरोक्याचं ऊन येत असेल तर ते आधी बंद करा. काळं कापड घेऊन जा. उजेड कसा, आपल्या ताब्यातला पाहिजे. दोन फ्लॅश, दोन छत्र्या, दोन्ही बाजूंनी. काय म्हणतो मी?"

"फोटो भिंतीवरून खाली घेतला तर?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. तिला तसं म्हणण्याचं काही कारण नव्हतं, केवळ तिच्याकडे अक्कल होती.

"वहिनी, तुम्ही यात पडू नका," डॉक्टर म्हणाले.

मीही तेच म्हणालो. पिशवीत काळं कापड गेलं, ते लावायला खिळे गेले, खिळ्यांसाठी हातोडी गेली, डॉक्टरांनी आग्रहाने दिलेला एक जादा दिवा गेला. जावईबापू त्या दिवशी चौदा किलोंवर पोचले असावेत. नक्की सांगणारा माणूस दवाखान्यात होता.

दुसऱ्या दिवशी मी पालिकेच्या धोकादायक इमारत विभागात अर्ज दिला. विषय: सीलबंद दुकानातील आईचा फोटो काढण्याबाबत. खिडकीत साखळीचा चष्मा लावलेल्या एक बाई होत्या. त्यांनी विषय दोनदा वाचला.

"फोटो काढायचाय? म्हणजे चित्रीकरण. तिसरा मजला."

तिसऱ्या मजल्यावर चार पानी अर्ज होता. त्यात कलाकारांची संख्या विचारली होती. मी एक लिहिलं आणि कंसात कै. लिहिलं. तिथल्या कारकुनाने ते खोडायला लावलं, कारण हयात नसलेल्या कलाकाराला परवानगी देता येत नाही. मग कलाकार शून्य झाले. आग, स्फोट, प्राणी यांचा वापर होणार का? नाही. दृश्यात मारामारी आहे का? नाही. कथेचा सारांश दहा ओळींत द्या. मी दिला. मीटरवाला असलो तरी शुद्धलेखन माझं चांगलं आहे, आणि आठव्या ओळीला मला हुंदका आला. कारकुनाने न वाचताच त्यावर शिक्का मारला.

परवानगी यायला सहा दिवस लागले. या सहा दिवसांत रोज संध्याकाळी अण्णा विचारायचे, "काढला का?" आणि मी म्हणायचो, "परवानगी यायचीय." तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "माझ्या भिंतीवरचा, माझ्या बायकोचा..." आणि पुढे नुसता खोकला. सिस्टरने मला बाहेर घालवलं. पाचव्या दिवशी त्यांनी नुसत्या भुवया उचलल्या. मी मान हलवली.

सातव्या दिवशी सकाळी दहाला परवानगीचा कागद घेऊन मी दुकानाशी पोचलो. पहारेकरी खुर्चीत बसून होता. त्याच्यासमोर एक लांबडी वही होती, आणि आत जाणारी प्रत्येक वस्तू तिच्यात लिहायची असा हुकूम होता. त्याने सगळं काढायला लावलं. दोन छत्र्या निघाल्या तेव्हा तो थबकला.

"आत गळतंय का?" त्याने विचारलं.

"फोटोसाठी आहेत."

"फोटो भिजेल म्हणून?"

मी हो म्हणालो. काही लढाया लढण्यात अर्थ नसतो. लिहून व्हायला पाऊण तास गेला. मग सील उघडलं, शटर वर गेलं, आणि मी अण्णांच्या दुकानात शिरलो. पंचनाम्यानंतर सगळ्यावर धुळीचा हात फिरला होता. छताला टांगलेली पारडी, ओळीने मांडलेली वजनं, मोठा काटा, आणि त्यामागे भिंतीवर आई, काट्यावर उभी. मी तिवई उभी केली. छत्र्या उघडल्या. तेवढ्यात अकरा वाजले आणि झरोक्यातून ऊन खाली उतरून आईच्या चेहऱ्यावर आलं.

मी वैतागलो. मांडलेला सगळा उजेड बिघडला. झटकन अण्णांच्या स्टुलावर चढलो आणि झरोक्यावर काळं कापड ठोकून ऊन बंद केलं.

खाली उतरून बघतो तर फोटो केसभर तिरका. मी पुढे झालो, दोन्ही हातांनी चौकट धरली आणि ती सरळ केली. हे वाक्य मी इथे मुद्दाम सावकाश लिहितो आहे. दोन्ही हातांनी धरली, सरळ केली, आणि हात मागे घेतले.

मग मी चोवीसचं अख्खं रीळ संपवलं. पाचही भिंगं वापरली. बाहेर येताना पहारेकऱ्याने प्रत्येक वस्तू पुन्हा मोजली आणि विचारलं, "फोटो किती काढले?"

"चोवीस," मी अभिमानाने म्हणालो. त्याने लिहून घेतलं.

संध्याकाळी दवाखान्यात मी जवळजवळ धावतच शिरलो. अण्णांनी भुवया उचलल्या.

"काढले!" मी म्हणालो. "चोवीस!"

अण्णांनी नळी बाजूला केली. "चोवीस? एकच होता."

"त्या एकाचेच चोवीस."

"दाखव."

"उद्या. आता धुवायला दिलेत."

अण्णा कोपरावर उठून बसले. दवाखान्यात आल्यापासून ते पहिल्यांदाच स्वतःहून उठले. "धुवायला? अरे, काचेला तडा आहे त्याच्या! पाणी जाईल आत!"

"फोटो नाही हो, अण्णा. रीळ धुवायला दिलंय."

"रिळाचं काय करू मी? फोटो कुठाय?"

"फोटो तिथेच आहे. भिंतीवर."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. शेजारच्या खाटेवरचा पेशंटही बघत राहिला.

"मी म्हटलं फोटो काढ," अण्णा एकेक शब्द वेगळा करत म्हणाले. "भिंतीवरून काढ. खिळ्यावरून. आणि इथे आण."

शेजारच्या पेशंटने तोंडावर पांघरूण घेतलं. मला त्याचा राग आला नाही. मलाही तेच करायचं होतं. मी अण्णांना हे सांगितलं नाही की त्या फोटोला मी दोन्ही हातांनी धरलं होतं. ते पुन्हा आडवे झाले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्या भिंतीवर काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चोवीस फोटो हातात आले, आणि उरलीसुरली आशाही गेली. फ्लॅश उडताना काचेत काय दिसतं ते फ्लॅश उडेपर्यंत कळत नाही. प्रत्येक फोटोत आईच्या चेहऱ्यावर एक पांढरी छत्री उघडलेली होती, आणि छत्रीखाली तिवईला बिलगून, एक डोळा मिटून, तोंड वाकडं करून मी. तेवढा मात्र अगदी स्पष्ट. अण्णांनी मागितले म्हणून दाखवावेच लागले. त्यांनी सगळे पाहिले. एकही सोडला नाही.

"हे तुझे फोटो आहेत," शेवटी ते म्हणाले. "आई मागे कुठेतरी आहे."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. सिस्टरने मला बाहेर बोलावून सांगितलं, ज्यांना बोलवायचं असेल त्यांना बोलवून घ्या.

इमारत सोमवारी पाडणार असं कळलं होतं. मी पुन्हा साखळीच्या चष्म्यापुढे उभा राहिलो. या खेपेला अर्जात मी 'फोटो भिंतीवरून उतरवून घेण्याबाबत' असं ठसठशीत लिहिलं होतं. पण सरकारी कागदांना जुनी ओळख विसरायची सवय नसते. बाईंनी फाईल उघडली.

"पंचनाम्यात भिंतीवर फोटो एक," त्या म्हणाल्या. "पहाऱ्याच्या वहीत, आपण काढलेले फोटो चोवीस. उरलेले तेवीस कोणाचे?"

"आईचेच. एकाचेच चोवीस काढले."

"म्हणजे एकच फोटो आपण चोवीस वेळा काढला?"

"हो."

"आणि तरी तो भिंतीवर आहे?"

"हो."

"मग आता पंचविसाव्यांदा कशाला?"

मी कपाळाला हात लावला. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी चष्मा उतरवून साखळीवर सोडला आणि समजुतीच्या आवाजात म्हणाल्या, "हे बघा, सीलमधल्या वस्तू सोडवायला समिती लागते. समिती मंगळवारी बसते."

"इमारत सोमवारी पडतेय."

"मग समितीपुढे विषयच राहणार नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांना थोडं हलकं वाटलेलं दिसलं.

शनिवारी मी कामावर गेलो. घरी बसवत नव्हतं आणि दवाखान्यात भिंतीकडे वळलेली पाठ बघवत नव्हती. जावईबापू खुर्चीत होते. वीस वर्षांत पहिल्यांदा मला त्यांना हात लावावासा वाटला नाही. खात्याची वडी खिशात टाकली, चार गल्ल्यांतले मीटर वाचले, आणि पाय मला अण्णांच्या दुकानाशी घेऊन गेले. पहारेकरी त्याच खुर्चीत होता.

"आज छत्री नाही?" त्याने विचारलं.

मी त्याला सगळं सांगून टाकलं. पूर्वी मी असं कोणाला सांगितलं नसतं, पण इभ्रत संपली की माणूस मोकळा बोलतो. त्याने ऐकून घेतलं.

"आत माणूस जायचा नाही," तो म्हणाला. "आतली वस्तू बाहेर यायची नाही. असं लिहूनच दिलंय मला."

"आणि हात?"

त्याने हुकुमाचा कागद काढून शेवटपर्यंत वाचला. "हाताचं काही लिहिलेलं नाही."

दुकानाला बाजूच्या गल्लीत एक खिडकी होती, अण्णांच्या स्टुलाच्या पाठीशी. गजांची, गजांत चार बोटांचं अंतर. त्यातून माझा कॅमेरा गेला नसता. कुठलंच भिंग गेलं नसतं. फोटोही बाहेर आला नसता, आणि हात काही समोरच्या भिंतीपर्यंत पोचणार नव्हता. पण चार बोटांच्या फटीत हात घालणं, एवढं एक काम मी वीस वर्षं करत आलो होतो.

मी आत पाहिलं. झरोक्यावरचं माझं काळं कापड एका खिळ्यावरून सुटून लोंबत होतं. पावणेअकरा झाले होते. बदलायला भिंग नव्हतं, उघडायला पिशवी नव्हती, करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून मी बघत बसलो. आणि बघताना लक्षात आलं, की अण्णा पंचेचाळीस वर्षं नेमके इथूनच बघत होते. समोर त्यांचं काम करायचं फळकूट, त्यावर उलटी ठेवलेली चहाची कपबशी, पलीकडे मोठा काटा, रिकामा, आणि त्याच्या मागे, त्याच काट्यावर उभी राहिलेली आई. हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मी नेहमी गिऱ्हाइकाच्या बाजूने आत यायचो.

पहारेकरी येऊन शेजारी उभा राहिला. अकरा वाजले. ऊन झरोक्यातून उतरलं, काट्यावर आलं आणि भिंतीवर चढलं. मी खांद्यापर्यंत हात आत घातला, अण्णांचं डोकं जिथे असायचं त्या उंचीवर धरला, दंड गजाला टेकवला आणि न बघता बटण दाबलं. एकदाच. खात्याच्या रिळात तेवढाच एक उरला होता.

सोमवारी सकाळी मीटरचे फोटो आले. साहेब आकडे तपासता तपासता थांबले. "हा कुठला मीटर?"

"माझा आहे, साहेब," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता तो फोटो गठ्ठ्यातून वेगळा करून माझ्या हातात दिला.

दवाखान्यात पोचलो तेव्हा अकराला पाच कमी होते. तिकडे दुकानाशी पाडणाऱ्यांच्या गाड्या पोचल्या असणार. अण्णांची पाठ तशीच होती. मी खाटेला वळसा घालून त्यांच्या आणि भिंतीच्या मधे बसलो आणि तो फोटो त्यांच्यासमोर धरला.

अण्णा खूप वेळ बघत होते. मग नळी बाजूला केली.

"हे माझ्या स्टुलावरून आहे," ते म्हणाले.

"हो, अण्णा."

"ऊन आलंय."

"हो."

"कप धुवायचा राहिला वाटतं." मग फोटोचे चारही कोपरे बघून, "यात तू नाहीस."

"नाही."

"चांगला आलाय."

तेवढ्यात त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला.

"सरळ कोणी केला? माझा तिरका असतो. खिळा तसा आहे."

माझ्याच्याने खोटं बोलवेना. "मी केला, अण्णा. त्या दिवशी."

"म्हणजे हात लागला होता तुझा."

"लागला होता."

मी मान खाली घातली. आता ते माझ्याकडे पाठ करतील असं मला वाटलं. पण अण्णांनी फोटो तळहातावर आडवा ठेवला, हात जरासा वर-खाली केला, जसा ते आयुष्यभर करत आले होते, आणि डोळे मिटले.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

नवं रीळ घातलेली वडी माझ्या खिशात होती. मी ती केव्हा बाहेर काढली मला आठवत नाही. डोळ्याला लावली नाही, लावली असती तरी डोळ्यांतून काही दिसत नव्हतं. मीटरसमोर धरतो तशी धरली आणि बटण दाबलं.

अण्णा गुरुवारी पहाटे गेले. आईचा तो फोटो आम्ही त्यांच्याबरोबर दिला. दुकानाच्या जागेवर तेव्हा नुसता ढिगारा होता, आणि पहारेकरी त्याच्यासमोर त्याच खुर्चीत बसून होता, कारण त्याला ऊठ असं कोणी लिहून दिलं नव्हतं.

नातेवाईक भेटायला यायला लागले तेव्हा बायको हळूच म्हणाली, "अण्णांचा एखादा फोटो काढा ना बाहेर." मी कपाट उपसलं. वीस वर्षांचे फोटो, हजारोंनी. पक्षी, पूल, दवबिंदू, दाराच्या कड्या. अण्णांचा एकही नाही. मी तिवई मांडायला लागलो की ते उठून जायचे, आणि मी म्हणायचो, राहू दे, पुन्हा केव्हातरी. आईच्या फोटोतही त्यांची पाठच होती.

आहे तो तेवढा एक, दवाखान्यातला. तो जरा हललेला आहे. त्यात चेहरा आलाच नाही. पांढऱ्या चादरीवर अण्णांचा तळहात आहे, बोटांना आयुष्यभराचं तेल, आणि तळहातावर तो फोटो. मी तो मोठा करून भिंतीवर लावला. त्याच्या खाली हात असलेली खुर्ची आता मोकळी आहे. जावईबापू माळ्यावर गेले. बाहेर पडतो तेव्हा एकच कॅमेरा नेतो, एकच भिंग लावून, आणि बराच वेळ तर नुसता बघत बसतो. परत येताना पुष्कळदा एकही फोटो नसतो.

दातांचे डॉक्टर अजून खाली येतात. चहा घेतात, भिंतीकडे बघतात, मान हलवतात. परवा त्यांना राहवलं नाही.

"वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले, "पण आल्यागेल्याला कळत नाही हो हे कोण ते. चेहरा नाही, काही नाही, आणि हललेला. माझं ऐका, तो फोटो काढा तुम्ही."

"काढला, डॉक्टर," मी म्हणालो. "आयुष्यात तेवढा एकच काढला."